डॉ. भीमराव आंबेडकर : एका तळ्याच्या पाण्याचा दावा

नारपोली व भिवंडीकडील वाचकांस ठाण्याच्या न्यायालयाची वाट परिचयाची आहे. शेताचा बांध, वारसा, घराची जागा असे तंटे घेऊन आपली माणसे तेथे जातात. त्याच ठाण्यात एकदा निराळेच अपील चालले. एका तळ्याचे पाणी कोणी भरावे व कोणी भरू नये, हा त्यातील प्रश्न होता. ज्या गृहस्थांवर तो दावा लावला होता, त्यांची ही हकीकत आहे.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत त्यांस इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शाळेच्या शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला तर तहान तशीच राही. पुढे अमेरिकेत व विलायतेत शिकून ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली मुंबईस वकिली करू लागले. १९२८ साली ते तेथील सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले व १९३५ साली प्राचार्य.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली केला होता. महाड नगरपालिकेनेही आपले चवदार तळे खुले केले; परंतु ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले व त्यांनी पाणी प्राशन केले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांस मारहाण झाली. त्यांनी आपल्या माणसांस उलट हात उगारू दिला नाही. पुढे गावातील सनातनी मंडळींनी १०८ घागरी पाणी उपसून व मंत्र म्हणून तळ्याची शुद्धी केली.

डिसेंबरात पुन्हा तळ्यावर जाण्याचे ठरले. इतक्यात काही गृहस्थांनी तळे खाजगी आहे असा दावा लावून महाडच्या न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. हजारो लोक तुरुंगात जाण्याच्या तयारीने आले होते. त्यांस परत फिरा म्हणून सांगणे किती कठीण! तथापि डॉ. आंबेडकरांनी त्यांची समजूत घातली, आणि लोक तळ्यास केवळ प्रदक्षिणा घालून परतले.

मग वाट पाहणे आले. १९२८ साली मनाईहुकूम उठला. १९३१ साली महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. १९३३ साली ठाण्यात वादींचे अपीलही फेटाळले गेले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला. पहिल्या ओंजळीस दहा वर्षे पुरी होण्यास तीनच दिवस उरले होते. लॉ कॉलेजात भावी वकिलांस घडविणारे प्राचार्य स्वतः त्या दाव्यात प्रतिवादी होते!

या जयात एक उणीव होती, ती वाचकांनी ध्यानी घ्यावी. तळे नगरपालिकेचे आहे आणि बंदीची चाल अनादि काळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही, एवढ्याच आधारावर निकाल झाला. अस्पृश्यताच बेकायदा आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. तसा कायदाच तेव्हा नव्हता. गरिबाने प्रत्येक तळ्यासाठी दहा वर्षे झगडावे काय?

ही उणीव पुढे राज्यघटनेने भरून काढली. तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकरच होते. २६ जानेवारी १९५० पासून घटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि बत्तिसाव्याने मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग प्रत्येकास दिला.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले. गरिबास मोफत कायदेशीर साहाय्य देण्याचे तत्त्व १९७६ च्या दुरुस्तीने घटनेत आले, आणि आज तालुक्याच्या न्यायालयातही त्यासाठी समिती असते. आपल्या शेजाऱ्यावर अन्याय होत असेल आणि वकिलाच्या फीच्या भयाने तो घरी बसला असेल, तर त्यास त्या समितीपर्यंत सोबत करावी. कागदावरील हक्क पाणवठ्यापर्यंत नेण्यास त्याही काळी सोबतीची माणसे लागलीच होती.