औंधचे राजपुत्र, भारताचे राजदूत

वकील किंवा राजदूत म्हटले की शिवकालातील दरबार आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. स्वतंत्र भारताच्या पहिल्या पिढीतील एक नामांकित राजदूत मात्र आपल्या अगदी शेजारचे, सातारा भागातील औंधचे होते. त्यांचे नाव अप्पासाहेब पंत.

माझे गाव जुन्या औंध संस्थानातले, आटपाडीकडचे. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे या राजपुत्राच्या वैभवापेक्षा त्याने आपल्या शिक्षणाचे काय केले, याचेच मला अधिक कुतूहल वाटते.

अप्पासाहेबांचा जन्म 1912 चा. वडील बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे राजे तर होतेच, शिवाय चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टे पुरस्कर्ते. संस्थान लहान, पण विद्येची कदर मोठी. साने गुरुजी आणि ग. दि. माडगूळकर हे दोघेही गरीब विद्यार्थी म्हणून औंधच्या शाळेत शिकले. अप्पासाहेबांना अर्थातच तसे दिवस काढावे लागले नाहीत. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन ते विलायतेस गेले, ऑक्सफर्डला शिकले आणि बॅरिस्टर होऊन 1937 साली परतले. हा खर्च शेवटी रयतेच्या साऱ्यातूनच झाला असणार, हे मला विसरता येत नाही.

परंतु त्याची फेड फार लवकर झाली. नोव्हेंबर 1938 मध्ये बाळासाहेबांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. महात्मा गांधींच्या सल्ल्याने घटना तयार झाली व 1939 च्या जानेवारीत ती लागू झाली. या कामी मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा इंजिनिअर आणि स्वतः अप्पासाहेब पुढे होते. सुमारे 72 खेड्यांचे संस्थान, तेही सातारा, सोलापूर, विजापूर या भागांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. तेथे ग्रामपंचायती सत्ताधारी झाल्या. याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची भिंतीविना वसाहत उभी राहिली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखे बारह हाथ’ या चित्रपटाचे मूळ तेथेच आहे. बापाचे राज्य हातचे जात असताना मुलानेच त्याला हातभार लावावा, असे उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल. 1944 पासून अप्पासाहेब औंधचे पंतप्रधान होते. मार्च 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

त्याच वर्षी पंडित नेहरूंनी त्यांना पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला पाठविले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा कस लागला तो इथेच. तेथील भारतीय बहुधा व्यापारी, कारकून व रेल्वेतले कामगार. वर गोरा साहेब, खाली आफ्रिकन, आणि मधे आपले लोक. आफ्रिकेत तेथल्या मूळ रहिवाशांचा हक्क पहिला, हे नेहरूंचे धोरण होते. ते आपल्याच दुकानदारांना पटवून देणे हे सोपे काम नव्हे! अप्पासाहेबांनी आफ्रिकन पुढाऱ्यांशी, विशेषतः जोमो केन्याटांशी मैत्री जोडली. आफ्रिकन विद्यार्थी शिष्यवृत्त्या घेऊन भारतात शिकू लागले. ऑक्टोबर 1952 मध्ये केनियात आणीबाणी पुकारली गेली, केन्याटांना अटक झाली. त्यांच्या बचावासाठी नेहरूंनी दिवाण चमनलाल यांना धाडले. इंग्रज सरकारला अप्पासाहेब डोळ्यांत खुपू लागले होतेच. 1954 मध्ये त्यांना तेथून परत यावे लागले. त्याच वर्षी ते पद्मश्री झाले. पुढे 1963 साली केनिया स्वतंत्र झाला आणि केन्याटा त्याचे पहिले पंतप्रधान झाले.

1955 पासून 1961 पर्यंत ते गंगटोकला होते. सिक्कीम, भूतान आणि तिबेटमधील भारतीय कचेऱ्या त्यांच्या देखरेखीखाली होत्या. 1958 मध्ये नेहरू नथू ला खिंडीतून, चुंबी खोऱ्यातून भूतानला गेले ते याच काळात. भूतानला तेव्हा मोटारीचा रस्ताच नव्हता! 1959 साली दलाई लामा भारताच्या आश्रयास आले.

नंतर इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त अशा नेमणुका झाल्या. 1967 च्या अरब-इस्रायल युद्धाच्या वेळी ते कैरोत, तर 1971 च्या बांगला देश युद्धाच्या वेळी लंडनमध्ये उच्चायुक्त होते. लंडनच्या मुक्कामातच त्यांचे सूर्यनमस्कारावरील इंग्रजी पुस्तक निघाले. वडिलांचे वेड मुलाने साता समुद्रापार नेले म्हणायचे. शेवटी ते इटलीत राजदूत झाले. इटली म्हटले की आम्हा कोल्हापुरात शिकणाऱ्यांना 1870 साली फ्लॉरेन्सला वारलेले छत्रपती राजाराम महाराज आठवतात. असो.

अप्पासाहेबांनी निवृत्तीनंतर बरेच लेखन केले. 1989 साली त्यांनी पुस्तक लिहिले ते मात्र आपल्या वडिलांवर आणि औंधच्या त्या प्रयोगावर. तीन वर्षांनी, 1992 मध्ये, ते वारले.