आइन्स्टाइनना अडवणारा माणूस : आंरी बेर्गसाँ

व्हायवाच्या रांगेतली दहा मिनिटं आणि कँटीनमधली दहा मिनिटं सारखीच असतात का? घड्याळ म्हणतं हो, मन म्हणतं छे! याच अनुभवावर ज्यांनी अख्खं तत्त्वज्ञान उभं केलं, ते आंरी बेर्गसाँ.

१८ ऑक्टोबर १८५९ रोजी पॅरिसमध्ये जन्म. वडील पोलिश ज्यू संगीतकार. शाळेत असताना गणिताच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं बक्षीस पटकावलं, पण पुढे ते वळले तत्त्वज्ञानाकडे. १९०० पासून ‘कॉलेज द फ्रान्स’मध्ये शिकवू लागले. व्याख्यानांना तोबा गर्दी! घड्याळ फक्त काट्यांच्या जागा दाखवतं, आपण जगतो तो वाहता काळ वेगळा, हे त्यांचं सूत्र.

६ एप्रिल १९२२. आइन्स्टाइन पॅरिसला आले आणि तत्त्वज्ञांच्या सभेत दोघं समोरासमोर आले. बेर्गसाँना समीकरणं मान्य होती. समीकरणातल्या ‘टी’ला खरा काळ म्हणणं मान्य नव्हतं. तत्त्वज्ञांचा असा वेगळा काळ नसतोच, असं सांगून आइन्स्टाइन मोकळे झाले.

बेर्गसाँनी त्याच वर्षी यावर पुस्तक काढलं. प्रवासाला गेलेल्या जुळ्या भावाचा मंदावलेला काळ हा नुसता हिशोब आहे, परतल्यावर दोघांचं वय सारखंच भरेल, असं त्यांचं म्हणणं. इथेच गणिताचा हा बक्षीसपात्र विद्यार्थी चुकला! परतणारा भाऊ मागे वळतो, त्याची संदर्भचौकट बदलते. दोघं समान राहत नाहीत. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी अणुघड्याळं विमानातून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडची २७३ पुढे गेली.

पण १९२२ साली आइन्स्टाइनना नोबेल मिळालं ते प्रकाशविद्युत परिणामासाठी. समारंभातल्या भाषणात सापेक्षतेवरच्या बेर्गसाँच्या आक्षेपाचा उल्लेखही झाला. स्वतः बेर्गसाँना १९२७ चं साहित्याचं नोबेल मिळालं. पुढे मात्र वैज्ञानिकांत त्यांची पत घसरली. ४ जानेवारी १९४१ रोजी जर्मनांनी व्यापलेल्या पॅरिसमध्ये ते गेले.

मग सगळंच चुकलं का? ‘आत्ता’ हा क्षण भौतिकशास्त्रात कुठेच सापडत नाही, ही गोष्ट पुढे खुद्द आइन्स्टाइननाही सतावत होती, असं तत्त्वज्ञ कार्नाप यांनी नोंदवून ठेवलंय. म्हणजे बेर्गसाँचं उत्तर चुकलं, प्रश्न नाही.

आपण ‘टी’ची किंमत भरतो, उत्तराखाली दोन रेघा मारतो आणि पान उलटतो. हा ‘टी’ म्हणजे नक्की काय, असं कुणी विचारलं तर वर्ग हसतो. पुढच्या वेळी हसण्याआधी जरा थांबूया.