पंपावरचं नाव

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशामक दलाचे ६६ जवान आग विझवताना गेले. त्यांच्या आठवणीसाठी दरवर्षी अग्निशमन सप्ताह असतो. यंदा त्या निमित्ताने आमच्या हॉस्टेलवर बंब आला. आम्ही नेहमीप्रमाणे फोटो काढायला पुढे! पण जवानांनी आम्हाला थेट पंपरूममध्ये नेलं. लाइनमधलं प्रेशर टिकवायला छोटा जॉकी पंप, मग विजेवरचा मोठा पंप, आणि आगीत वीज तोडावी लागते म्हणून शेजारी डिझेलचा पंप. हा डिझेलचा पंप सुरू कसा करायचा, असं त्यांनी विचारलं. मेकॅनिकलची मुलं धरून एकालाही सांगता येईना. मान खाली घालून मी पंपावरची पाटी वाचत राहिले... किर्लोस्कर.

हे नाव लहानपणापासून विहिरीवर पाहिलेलं. पण आम्ही कॉन्व्हेंटवाले! एडिसन पाठ, आपल्या शेजारचा माणूस माहीत नाही. म्हणून लायब्ररीत बसले. (मराठीच्या चुका पदरात घ्या.)

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की आपल्याला काही रंग नीट दिसतच नाहीत. रंग सुटले, पण रेघ सुटली नाही. ते यंत्रांचं ड्रॉइंग शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. पुढे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून सरळ बेळगाव गाठलं. भावाबरोबर सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली! आपण एका बॅकलॉगला खचतो.

नांगर जरा चालू लागला, तर नगरपालिकेच्या योजनेत कारखान्याची जागाच गेली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. १९१० साली त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि तो माळ, म्हणजे किर्लोस्करवाडी, सांगली जिल्ह्यात. निवडुंग तोडून तिथे कारखाना आणि कामगारांची घरं उभी राहिली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रखवालदार नेमलं. शिवाशिव त्यांना मान्य नव्हती. १९२६ मध्ये इथे सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. फिरणारं चाक पाणी बाहेर फेकतं आणि त्या वेगाचं दाबात रूपांतर होतं. बंबाचा पंपसुद्धा याच तत्त्वावर चालतो.

आणि मग १९४८. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता, म्हणून सातारा-सांगली-कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळला. पंप बनवणारा कारखाना आगीत गेला! इथे मी पुस्तक मिटून बसले. तेव्हा लक्ष्मणराव ७८ वर्षांचे होते. ज्या माळावर त्यांनी जातपात मोडायचा प्रयत्न केला, तिथेच जातीवरून आग लागली. आग लावायला एक काडी पुरते आणि विझवायला पाणी, पंप आणि डोकं ठिकाणावर असलेली माणसं लागतात.

तरी वाडी संपली नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि आजही तिथे पंपच बनतात. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले.

तर मित्रांनो, पंप सुरू करायच्या पायऱ्या आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून पंपरूमच्या दारावर लावल्यात. बंब यायला काही मिनिटं लागतात. तोवर आपणच! येत्या रविवारी सकाळी दहाला पंपरूमपाशी या. प्रत्येकाने एकदा तरी डिझेलचा पंप स्वतःच्या हाताने चालू करायचा आहे. मेस उशिरापर्यंत उघडी आहे, विचारून घेतलंय.