स्वप्नात भेटले गुरू

बहिणाबाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात त्या खान्देशच्या बहिणाबाई चौधरी. पण त्यांच्या अडीचशे वर्षं आधी आपल्याच जिल्ह्यात आणखी एक बहिणाबाई होऊन गेल्या. शिऊरच्या संत बहिणाबाई, तुकोबारायांच्या शिष्या! गारखेड्यातल्या कितीतरी जणी वेरूळला जातात, पण शिऊरची वाट मात्र थोड्याच जणींना ठाऊक असते.

बहिणाबाईंचा जन्म १६२८चा, कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीचा. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. खेळण्या-बागडण्याच्या वयात लग्न झालं, तेही शिऊरच्या पाठक घराण्यातल्या तिशीच्या बिजवराशी. पुढे भाऊबंदकीपायी सगळ्यांनाच गाव सोडावं लागलं. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असं करत हे कुटुंब कोल्हापुरात येऊन थांबलं.

तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग बहिणाबाईंच्या कानावर पडले. घरी दान मिळालेल्या गाईचं वासरू त्यांच्या मागे मागे कीर्तनालाही जायचं. स्वामींनी वासराचं आणि या मुलीचं कौतुक केलं, गावभर चर्चा झाली आणि नवऱ्याचा राग अनावर झाला. त्याने तिला मारलं, बांधून ठेवलं. पुढे ते वासरूही गेलं. त्या धक्क्याने बहिणाबाई काही दिवस शुद्धीवर नव्हत्या.

सावरल्यावर मनाने एकच ध्यास घेतला, तुकोबांचा. त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. देहूला जायची सोय नव्हती. उठता-बसता, काम करताना त्यांचेच अभंग. आणि कार्तिक वद्य पंचमीला स्वप्नात तुकोबा आले, डोक्यावर हात ठेवला आणि मंत्र दिला. जाग आली तेव्हा ते सगळं बहिणाबाईंना जसंच्या तसं आठवत होतं. विशेष म्हणजे खुद्द तुकोबांनाही त्यांचे गुरू बाबाजी चैतन्य स्वप्नातच भेटले होते.

झोपेतलं मन जागं ठेवण्याचा हा विषय आता शास्त्रज्ञांनीही हाताळलाय. १९७५मध्ये इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांच्या प्रयोगात झोपलेल्या माणसाने, आपण स्वप्नात आहोत हे ओळखून, आधी ठरलेली डोळ्यांची हालचाल करून खूण दिली. असा सराव करणारे लोक उठल्या उठल्या स्वप्न वहीत लिहितात, दिवसा मधूनमधून ‘मी आत्ता जागी आहे की स्वप्नात?’ असं स्वतःला विचारतात आणि झोपताना मनाशी संकल्प करतात. बहिणाबाईंनी असं काही तंत्र केलं नव्हतं. पण धागा एकच आहे. दिवसभर मन ज्यात मुरलेलं असतं, तेच रात्री समोर उभं राहतं.

खरी परीक्षा मात्र जाग आल्यावर होती. ब्राह्मण घरातल्या बाईने शूद्र मानल्या जाणाऱ्या तुकोबांना गुरू मानायचं, तेही स्वप्नाच्या भरवशावर! नवरा बायकोला सोडून जायला निघाला, तेव्हा त्या गरोदर होत्या. तेवढ्यात तोच आजारी पडला. बहिणाबाईंनी सेवा केली, त्याचं मन पालटलं आणि १६४०च्या दशकात दोघं देहूला पोहोचले. तुकोबांचं प्रत्यक्ष दर्शन झालं. मंबाजींचा त्रासही तिथे सोसावा लागला. पण बहिणाबाईंनी ना संसार सोडला, ना गुरू.

मैत्रिणींनो, यातून मारहाण सोसायचा धडा मात्र घेऊ नका हं. आज त्याविरुद्ध २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. घ्यायचं ते हे, की नवरा, समाज, जात सगळे विरोधात असतानाही या बाईने स्वतःच्या अनुभवाला खोटं म्हटलं नाही. उलट आपलं आयुष्य अभंगांत मांडून ठेवलं. त्या काळी स्वतःची कहाणी सांगणारी बाई म्हणजे नवलच! शेवटी मुलाला, विठोबाला, त्यांनी आपले मागचे बारा जन्मही सांगितले. १७००मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी शिऊरला आहे.

सकाळची घाई आपल्याला स्वप्न आठवूही देत नाही. डबे, पाणी, शाळा! तरी उशाशी एक वही ठेवून बघा. झोप मात्र मोडू नका, उठल्यावर दोन ओळी पुरेत. आणि सुटीत वेरूळला गेलात तर पुढे शिऊरलाही जाऊन या. लेकीला सोबत न्या.