संत जोसेफ वाझ : सिल्लालै गांवचे भिक्षेकरी पाद्री

साष्टी प्रांतांतील बाणावली गांवीं ता. २१ एप्रिल १६५१ रोजीं जोसेफ वाझ यांचा जन्म झाला. वडील सांकवाळचे ख्रिस्तोफर वाझ, आई मारिया मिरांडा. घराणें कोंकणी ब्राह्मणांचें, श्रद्धाळू व खाऊनपिऊन सुखी. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. सांकवाळ येथें त्यांनीं मुलांसाठीं लॅटिन शाळा काढली, आणि १६७७ मध्यें लेखी प्रतिज्ञा करून स्वतःस देवमातेचा दास म्हणून कायमचें वाहून घेतलें. पुढें तीन वर्षें कानडा प्रांतांत मंगळूर, बसरूर या बाजूस त्यांनीं सेवा केली. तेथून परतल्यावर, १६८५ मध्यें, जुन्या गोव्यांत एकत्र राहूं लागलेल्या देशी धर्मगुरूंच्या मंडळांत ते सामील झाले, व त्या मंडळानें त्यांसच आपले वरिष्ठ नेमलें. यूरोपियन संघांचे दरवाजे त्या काळीं देशी धर्मगुरूस बहुधा बंदच असत. हाच गोव्याचा ओरेटरी संघ.

येथेंच ते राहते, तर आज त्यांचें नांव फार थोड्यांस ठाऊक असतें. परंतु त्यांच्या मनांत लंका घर करून बसली होती.

लंकेची त्या वेळची स्थिति आम्हीं थोडी विस्तारानें सांगतों, कारण तीवांचून पुढचें कांहींच उमजणार नाहीं. वलंदेजांनीं, म्हणजे डचांनीं, १६५६ मध्यें कोलंबो व १६५८ मध्यें जाफना पोर्तुगीजांपासून जिंकून घेतलें. ते काल्व्हिनपंथी. त्यांनीं कॅथोलिक धर्मगुरूंस हद्दपार केलें, देवळें आपल्या ताब्यांत घेतलीं, आणि जो कोणी कॅथोलिक पाद्र्यास आसरा देईल त्यास मरणाची शिक्षा होईल असा हुकूम काढला. हजारों श्रद्धाळू मागें राहिले. पण मिस्सा नाहीं, कुमसार नाहीं, मरणाऱ्याच्या उशाशीं धर्मगुरू नाहीं. मुलांच्या कपाळीं बाप्तिस्म्याचें पाणी घालण्यास वलंदेजांचे उपदेशक तेवढे येत. अशीं एक ना दोन, जवळ जवळ तीस वर्षें लोटलीं.

गोऱ्या पाद्र्यानें तेथें पाय ठेवतांच तो ओळखला जाई. फादर वाझ यांचा वर्ण व बांधा तेथल्या मजुरासारखाच, हें त्यांनीं ओळखलें. ज्या वर्णामुळें गोव्यांत देशी धर्मगुरूस मागें सारलें जाई, तोच वर्ण प्रभूच्या कामीं आला, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. १६८६ मध्यें त्यांनीं वरिष्ठपद सोडलें, झगा उतरविला, मजुराचा वेष घेतला, आणि जॉन नांवाचा एक इमानी सेवक बरोबर घेऊन मलबारच्या वाटेनें तुतिकोरीन गांठलें. तेथून गलबतानें ते १६८७ सालीं लंकेंत उतरले. वाटेंतील हालांनीं त्यांस भयंकर हगवण लागली. रोगी परका, रोग सांसर्गिक. लोकांनीं त्यांस वस्तीबाहेर निर्जन जागीं नेऊन टाकलें. एका गरीब बाईनें त्यांस पेज पाजून जगविलें, असें परंपरा सांगते. त्या बाईचें नांव कोणीं लिहून ठेविलें नाहीं.

जाफन्यांत कॅथोलिक कोण, हें विचारावें तरी कोणास? चुकीच्या माणसास विचारणें म्हणजे तुरुंगाचें दार ठोठावणें. फादर वाझ यांनीं गळ्यांत रोजरी घातली आणि दारोदार भीक मागूं लागले. बहुतेक दारीं मूठभर तांदूळ मिळत, कांहीं दारीं शिव्या. पण एखादे घरीं माणसाची नजर त्या मण्यांवर खिळून राही. अशा रीतीनें आपला कळप त्यांनीं शोधून काढला.

सावधगिरी म्हणून त्या लोकांनीं त्यांस जाफना शहराबाहेरील सिल्लालै नांवाच्या खेड्यांत नेऊन ठेविलें. गांव तामिळ लोकांचें, आणि श्रद्धेला पक्कें. येथें फादर वाझ सुमारें दोन वर्षें राहिले. दिवसा ते लपून असत. अंधार पडला म्हणजे वेष पालटून घरोघर व आसपासच्या वाड्यांतून हिंडत, कुमसार ऐकत, मुलांचा बाप्तिस्मा करीत, आणि उजाडण्यापूर्वीं एखाद्या झोंपडींत मिस्सा अर्पण करीत. आपण मिशनरी म्हटला कीं तो लोकांस आसरा देतो असें मानतों. सिल्लालैमध्यें उलट होतें. ज्या घरीं ते निजत, त्या घरच्या माणसांची मान हुकुमाखालीं होती, आणि तें जाणूनच दारें उघडत. आम्हीं पाद्री लोक आपल्या श्रमांचा हिशेब मांडतों, त्या वेळीं हा दुसरा हिशेब आमच्या ध्यानांत राहत नाहीं.

१६८९ च्या नाताळच्या रात्रीं शिपायांनीं छापा घातला. मिस्सेसाठीं जमलेले कॅथोलिक पकडले गेले. कित्येकांस फटके बसले, कित्येकांस दंड, कांहींस किल्ल्यावर सक्तमजुरी. फादर वाझ मात्र निसटले. आपण सुटलों व आपल्यासाठीं इतर जण भोगीत आहेत, या जाणिवेचें ओझें एखाद्या धर्मगुरूस किती जड होत असेल, याची आम्हीं फक्त कल्पना करूं शकतों.

तेथून ते कँडीच्या सिंहली राज्यांत शिरले. प्रथम पुत्तळम येथें राहिले आणि १६९२ मध्यें राजधानी कँडीस गेले. दुसरा विमलधर्मसूर्य हा बौद्ध राजा तेथें राज्य करी. पोर्तुगीजांचा हेर समजून त्यानें त्यांस कैदेंत टाकलें. कैदेंत त्यांनीं सिंहली भाषा शिकून घेतली. पुढें मोठें अवर्षण पडलें असतां त्यांच्या प्रार्थनेनें पाऊस झाला, अशी कथा लंकेंत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. राजानें त्यांस मोकळीक दिली एवढें खरें.

१६९७ मध्यें कँडींत देवीची सांथ आली. राजा व सरदार शहर सोडून गेले. रोग्यांस रानांत टाकूं लागले. फादर वाझ व त्यांचे नवे सोबती फादर जोसेफ कार्व्हालो यांनीं त्यांच्यासाठीं खोपटीं बांधलीं, बौद्ध कीं ख्रिस्ती न पाहतां त्यांस धुतलें, भरविलें, आणि मेलेल्यांस मूठमाती दिली. एके काळीं त्यांस स्वतःस रोगी म्हणून वस्तीबाहेर टाकण्यांत आलें होतें.

हळूहळू गोव्याहून आणखी ओरेटोरियन आले. १६७६ सालीं दिवाडी बेटावर जन्मलेले फादर जाकोमे गोन्साल्व्हिस १७०५ मध्यें आले, व त्यांनीं सिंहली कॅथोलिक वाङ्मयाचा पाया घातला. बिशपपदाची गोष्ट निघाली तेव्हां फादर वाझ यांनीं ती नाकारली. ता. १६ जानेवारी १७११ रोजीं, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षीं, कँडी येथें त्यांचें निधन झालें. लंकेंतून ते गोव्यास परत कधीं आलेच नाहींत.

पोप जॉन पॉल दुसरे यांनीं २१ जानेवारी १९९५ रोजीं कोलंबो येथें त्यांस धन्य, आणि पोप फ्रान्सिस यांनीं १४ जानेवारी २०१५ रोजीं तेथेंच, समुद्राकांठच्या मैदानावर, संत म्हणून जाहीर केलें. त्यांची कबर नेमकी कोठें होती हें कोणास सांगतां येत नाहीं. सिल्लालै मात्र जाग्यावर आहे. तें आजही कॅथोलिकांचें गांव आहे, आणि तेथून कित्येक धर्मगुरू निघाले आहेत.