एक दशांश सेकंद

चारशे मीटर म्हणजे ट्रॅकची एक अख्खी फेरी. माझी रूममेट म्हणते, एवढं पळून परत तिथेच यायचं तर मुळात उठायचं कशाला! (टेक्निकली सगळ्यात आतल्या लेनमधलीच तिथे परत येते, बाहेरच्या लेनमधल्या मुली वळणाचा हिशोब करून थोड्या पुढून सुटतात. पण रूममेटशी वाद घालण्यात अर्थ नसतो.) ज्यांनी आपल्या ग्राउंडवर स्पोर्ट्‌सच्या दिवशी ही शर्यत पळून बघितली आहे त्यांना विचारा. पहिले शंभर मीटर हवेत जातात, दुसरे मजेत. तिसऱ्या शंभरात आपण इथे का आलो हा प्रश्न पडायला लागतो आणि शेवटच्या शंभरात पाय आपले राहिलेलेच नसतात. मी फर्स्ट इयरला पळाले होते, म्हणून अनुभवाचे बोल!

या एका फेरीच्या शर्यतीशी जिचं नाव कायमचं जोडलं गेलं अशा एका मुलीबद्दल मला लिहायचं आहे. लिलियन बोर्ड. ती ऑलिंपिकमध्ये हरली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, म्हणजे आपल्या सेकंड इयरच्या मुलींएवढी. आणि बावीस पूर्ण झाल्यावर तेराव्या दिवशी ती गेली. जनरल नॉलेजच्या पुस्तकात तिचं नाव सापडणार नाही, कारण तिथे फक्त पहिल्या आलेल्यांची यादी असते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमला बायकांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. शर्यत संपल्यावर धावपटू दमलेल्या दिसल्या, आणि एवढं लांब धावणं स्त्रियांना झेपत नाही असं ठरवून ती शर्यत बंद करून टाकली गेली. शर्यतीनंतर पुरुषही दमतातच की, पण ते चालतं! मग १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत बायकांनी २०० मीटरच्या पुढे धावायचंच नाही असा कारभार होता. चारशे मीटर तर आली थेट १९६४ मध्ये, टोकियोला. तिथे ऑस्ट्रेलियाची बेटी कथबर्ट पहिली आणि ब्रिटनची अ‍ॅन पॅकर दुसरी. त्या वेळी जागतिक विक्रम होता उत्तर कोरियाच्या शिन किम दानचा, १९६२ मधला ५१.९ सेकंदांचा. पण तिला टोकियोत धावायलाच मिळालं नाही, कारण तिने जकार्ताच्या गेनेफो स्पर्धेत भाग घेतला होता आणि ती स्पर्धा वरच्या लोकांना मान्य नव्हती. मोठ्यांच्या भांडणात खेळाडूंचा बळी. तर अशी ही नवी कोरी शर्यत होती. ती कशी धावायची याचं शास्त्रही नीट बसलेलं नव्हतं, तेव्हा लिलियन मोठी होत होती.

तिचा जन्म १३ डिसेंबर १९४८ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनचा. आई-वडील मूळचे मँचेस्टरचे. आयरीन आणि लिलियन या जुळ्या बहिणी. मुली लहान असतानाच कुटुंब इंग्लंडला परतलं आणि पुढे लंडनच्या ईलिंग भागात स्थिरावलं. साध्या सरकारी शाळेत शिकलेली ही मुलगी. शाळेतल्या खेळाच्या बाईंनी तिच्यातलं पाणी ओळखलं आणि तिला क्लबात पाठवलं. सुरुवातीला ती लांब उडी मारायची, धावण्याकडे नंतर वळली. वडील जॉर्ज बोर्ड हेच तिचे कोच. घरात बाबा आणि ग्राउंडवरही बाबा, म्हणजे सुटका नाहीच! पण या बापलेकीचं जमलं. दिवसा ती टायपिस्टचं काम करायची, संध्याकाळी प्रॅक्टिस. फॅशनची भारी हौस, स्वतःचे कपडे स्वतः शिवायची. त्या काळात अ‍ॅथलीट हौशीच असायचे, धावण्याचे पैसे मिळत नसत. पोटापाण्याची नोकरी सांभाळून ऑलिंपिकची तयारी करायची. आपल्याला सबमिशन आणि गॅदरिंग एकाच आठवड्यात आलं तर आपण किती आरडाओरडा करतो!

१९६६ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला राष्ट्रकुल स्पर्धेत ४४० यार्डांत ती पाचवी आली, सतराव्या वर्षी. पुढच्या वर्षी जुलैमध्ये लॉस एंजेलिसला अमेरिका विरुद्ध राष्ट्रकुल असा सामना होता. तिथे शेवटच्या सरळ पट्ट्यात लिलियन मागे होती. तिथून एकेकीला गाठत तिने शर्यत जिंकली, ५२.८ सेकंदांत. ज्यांनी २०१८ मध्ये फिनलंडमधल्या टॅम्पेरेला आपल्या हिमा दासला शेवटच्या पट्ट्यात मागून येताना टीव्हीवर पाहिलं असेल, त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र येईल. एका शर्यतीने हिमा घराघरांत पोचली, तशीच लिलियन तिकडे पोचली. सोनेरी केस, हसरा चेहरा, अठरा वर्षांचं वय. ब्रिटिश पेपरवाल्यांना आणखी काय हवं? त्यांनी तिला गोल्डन गर्ल करून टाकलं. मला हे नाव मुळीच आवडत नाही. अजून जे मेडल मिळालेलं नाही त्याचा रंग आधीच नावाला चिकटवून टाकायचा, आणि मग रुपेरी मेडल मिळालं की जणू त्या मुलीचंच काहीतरी चुकलं!

१९६८ ची मेक्सिको सिटी. हे ऑलिंपिक आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना फार आवडेल असं आहे. शहर समुद्रसपाटीपासून २२४० मीटर उंच, म्हणजे हवा एक पंचमांशाहून जास्त विरळ. विरळ हवेत ड्रॅग कमी, म्हणून छोट्या शर्यती आणि उड्या यांत विक्रमांचा पाऊस पडला. बॉब बीमनची ८.९० मीटरची उडी तिथलीच, ली इव्हान्सची ४३.८६ सेकंदांची चारशे मीटरही तिथलीच. पण ऑक्सिजनही कमी, त्यामुळे लांब पल्ल्याचे भलेभले धावपटू कोसळले. चारशे मीटर या दोन्हींच्या मधोमध बसते. हवा पुढे जाऊ देते आणि शेवटी गळा धरते. ट्रॅकही नवा होता, ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच सिंथेटिक.

सेमीफायनल लिलियनने ५२.५ मध्ये जिंकली. सगळ्यांचं लक्ष तिच्यावर होतं. १६ ऑक्टोबरला फायनल. (त्याच दिवशी, त्याच स्टेडियममध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी काळे हातमोजे घालून मुठी वर केल्या होत्या. बाकी सगळ्या बातम्या त्यात बुडाल्या.) शेवटच्या वळणातून बाहेर पडली तेव्हा लिलियन पुढे होती. समोर फक्त सरळ पट्टा आणि फीत. इथून ती हरणार नाही असंच सगळ्यांना वाटलं असणार. तेवढ्यात बाहेरून कोलेट बेसॉन आली. फ्रान्समधल्या एका छोट्या गावाकडची पी.टी.ची शिक्षिका, बाहेर फारसं कुणी नाव न ऐकलेली. उंचीवरच्या हवेची सवय व्हावी म्हणून ती पिरेनीज पर्वतात फॉं-रोमो या ठिकाणी राहून सराव करत होती. शेवटच्या काही मीटरमध्ये तिने लिलियनला गाठलं आणि ओलांडलं.

बेसॉन ५२.०, लिलियन ५२.१. मशीनवर बघितलं तर ५२.०३ आणि ५२.१२. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. ५२.१२ सेकंदांत ४०० मीटर म्हणजे सरासरी वेग सेकंदाला ७.६७ मीटर. नऊ शतांश सेकंदात अंतर पडतं ते सत्तर सेंटिमीटरच्या आतबाहेर. फर्स्ट इयरला आपण बसमधून लोकांना धक्के मारत नेतो तो ड्रॉइंग बोर्ड जेवढा लांब असतो, तेवढंच! चारशे मीटरमधले तेवढे सत्तर सेंटिमीटर काढून बघा, लिलियन ऑलिंपिक विजेती. आपल्या पी. टी. उषाचं १९८४ चं दुखणं तर याहून बारीक, एक शतांश सेकंदाने ब्राँझ गेलं. चौथा नंबर की दुसरा, दुःख कशात जास्त, हा वाद मेसमध्ये एकदा तासभर चालला होता. माझ्या मते दुसऱ्यात. कारण पन्नास मीटर आधीपर्यंत तुम्ही पहिलेच असता.

लिलियनचं काय चुकलं याची चर्चा नंतर पुष्कळ झाली. तिने आधीच जास्त जोर लावला, तिला बेसॉन दिसलीच नाही, वगैरे वगैरे. मला हे फारसं पटत नाही. या शर्यतीत शेवटच्या टप्प्यात कुणीच वेग वाढवत नसतं. ऑक्सिजनचं उधार खातं तोपर्यंत संपलेलं असतं, स्नायूंत आम्ल साठलेलं असतं आणि सगळ्याच जणी मंदावत असतात. मागून येणारी जोरात येतेय असं आपल्याला दिसतं, खरं म्हणजे ती फक्त कमी मंदावत असते. त्या दिवशी त्या विरळ हवेत बेसॉन कमी मंदावली. यात लिलियनची चूक काय? त्याआधी कधीही धावली नव्हती एवढ्या वेगात ती धावली होती. पण एकोणीस वर्षांच्या मुलीला हे त्या संध्याकाळी सांगून काय उपयोग झाला असता म्हणा!

लिलियनची गोष्ट लोक बहुतेक इथेच थांबवतात आणि मग थेट आजारपणावर जातात. मला मधलं एक वर्ष सगळ्यात जास्त आवडतं. हरल्यावर तिने काय केलं, तर शर्यतच दुप्पट केली! वडिलांबरोबर ८०० मीटरची तयारी सुरू केली. सप्टेंबर १९६९ मध्ये अथेन्सला युरोपियन स्पर्धा होती. मोठ्या ८०० मीटरचा अनुभव तिला फारसा नव्हता. तिथे ती २ मिनिटं १.४ सेकंदांत पहिली आली, स्पर्धेचा विक्रम करून. दुसरी आलेली एक सेकंदाहून जास्त मागे होती. एका दशांशाचा हिशोब करणाऱ्यांना हे उत्तर बरं होतं.

पण खरी मजा पुढेच. बायकांची ४ x ४०० मीटर रिले तेव्हा युरोपियन स्पर्धेत नव्यानेच आली होती. ब्रिटनकडून रोझमेरी स्टर्लिंग, पॅट लो, जॅनेट सिम्प्सन आणि शेवटी लिलियन. फ्रान्सकडून शेवटी कोण? कोलेट बेसॉन! बॅटन हातात आली तेव्हा बेसॉन बरीच पुढे होती. म्हणजे मेक्सिकोचं सगळं उलटं झालं. आता बेसॉन पुढे, लिलियन मागे आणि तोच सरळ पट्टा. लिलियनने अंतर कमी करत करत अगदी फितीवर तिला गाठलं. दोन्ही संघांची वेळ एकच, ३ मिनिटं ३०.८ सेकंद, आणि तो जागतिक विक्रम. कोण जिंकलं ते फोटो बघून ठरवावं लागलं. ब्रिटन पहिलं, फ्रान्स दुसरं.

बेसॉनची मात्र मला दया येते. याच अथेन्समध्ये चारशे मीटरच्या फायनलला ती आणि तिच्याच देशाची निकोल ड्युक्लो, दोघी ५१.७ सेकंदांत आल्या. दोघींनी शिन किम दानचा विक्रम मोडला, पण फोटोत निकोल पुढे निघाली. एकाच आठवड्यात दोनदा फोटोने हरणं म्हणजे... जाऊ दे. मेक्सिकोत नशीब तिच्या बाजूला होतं असं म्हणणाऱ्यांनी अथेन्सही मोजावं.

१९७० च्या सुरुवातीला लिलियनला एम.बी.ई. हा किताब मिळाला. पुढचं लक्ष्य ठरलेलं होतं, १९७२ चं म्युनिक ऑलिंपिक, ८०० मीटर. जून महिन्यात एडिंबराला ४ x ८०० रिलेच्या विश्वविक्रमी संघात ती होती. तेव्हा तिचं पोट दुखत होतं. त्याच महिन्यात लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत ती ८०० मीटरमध्ये तिसरी आली. ती तिची शेवटची शर्यत. ट्रेनिंगचा ताण असेल, पचनाचा त्रास असेल असं आधी वाटलं. आतड्याचा विकार असावा असंही वाटलं. निदान झालं तेव्हा आतड्याचा कॅन्सर पसरलेला होता. एकवीस वर्षांची, देशातल्या सगळ्यात फिट मुलींपैकी एक. अशा मुलीला कॅन्सर असेल हे कुणाच्या डोक्यात तरी कसं यावं?

ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. नोव्हेंबरमध्ये तिला जर्मनीतल्या बव्हेरियात डॉक्टर योझेफ इस्सेल्स यांच्या क्लिनिकमध्ये नेलं. त्यांच्या उपचारपद्धतीवर अनेक डॉक्टरांचा विश्वास नव्हता आणि ब्रिटनमध्ये त्यावरून बराच गदारोळ झाला. घरच्यांनी तिथे न्यायला नको होतं असं आज वाचताना कुणी सहज म्हणेल. मी म्हणणार नाही. ज्यांच्यापुढे दुसरा कुठलाच रस्ता शिल्लक नसतो त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. १३ डिसेंबरला तिचा बाविसावा वाढदिवस झाला. प्रकृती बिघडल्यावर तिला म्युनिकच्या हॉस्पिटलमध्ये हलवलं आणि २६ डिसेंबर १९७० रोजी तिथेच ती गेली. ज्या शहरात धावायचं ठरवलं होतं, त्याच शहरात.

पुढच्या वर्षी जानेवारीत लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये तिच्यासाठी प्रार्थनासभा झाली. क्रीडा पत्रकार डेव्हिड एमरी यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं, ज्याचं नाव फक्त तिचं नाव आहे. १९७२ मध्ये बायकांची ४ x ४०० रिले ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली, म्युनिकमध्येच. ब्रिटनच्या त्या संघात स्टर्लिंग आणि सिम्प्सन होत्या. चारशे मीटरमध्ये ब्रिटिश बाईला ऑलिंपिकचं सोनं मिळालं ते थेट २००८ मध्ये बीजिंगला, ख्रिस्तीन ओहुरुओगूला. मेक्सिकोनंतर चाळीस वर्षांनी. कोलेट बेसॉन तोवर नव्हती. तीही २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅन्सरनेच गेली, ५९ व्या वर्षी.

म्युनिकच्या ऑलिंपिक स्टेडियमजवळ एका वाटेला लिलियनचं नाव दिलेलं आहे. जर्मनच्या क्लासला जाणाऱ्यांना माहीत असेल, त्यांच्या भाषेत रस्त्याला, वाटेला जो शब्द आहे तो आपण देवनागरीत लिहिला तर वेग असाच लिहू. त्यामुळे नकाशातलं त्या वाटेचं नाव मराठी माणसाने वाचलं तर ते होतं लिलियन-बोर्ड-वेग.