बाबासाहेब भंडाऱ्यातून का हरले?

१९५४ साली भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक लागली. हत्ती चिन्हावर उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हो, राज्यघटनेचे शिल्पकार! हिंदू कोड बिल रखडलं म्हणून १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपद सोडलं होतं. १९५२ ला मुंबईत लोकसभेला पडले, मग राज्यसभेवर गेले. आणि आता भंडारा.

हा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मतदारसंघ एक, पण खासदार दोन. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. म्हणजे राखीव जागेवर कोण बसणार, हे एकटे दलित मतदार ठरवू शकत नव्हते. तिथं त्यांच्यापेक्षा इतरांची मतं जास्त. बाबासाहेबांनी हाच धोका ओळखून स्वतंत्र मतदारसंघ मागितले होते. १९३२ मध्ये गांधीजींनी येरवड्यात उपोषण सुरू केलं आणि पुणे करारात ती मागणी सोडावी लागली.

निकाल लागला. सर्वसाधारण जागा समाजवादी अशोक मेहतांनी जिंकली. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे ८ हजार मतांनी निवडून आले. म्हणजे भंडाऱ्यात काँग्रेस हरू शकत होती, हरलीही. फक्त बाबासाहेबांसमोर नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी नागपुरात लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. ६ डिसेंबरला ते गेले.

दोन खासदारांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं बंद झाले. राखीव जागेचा खासदार मात्र आजही सगळे मतदार मिळूनच निवडतात.